अंतराळ-कादंबरीवरचे वाचकांचे अभिप्राय कसे वाचावेत आणि आपला कसा लिहावा: ‘राँदेव्हू विथ रामा’च्या निमित्ताने

आमच्या वाचनगटात दर दोन महिन्यांनी एक पुस्तक निवडले जाते आणि प्रत्येकाने आपला अभिप्राय फार तर एका पानात लिहून आणायचा, असा शिरस्ता आहे. इंग्रज विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ ही १९७३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी घेतली, तेव्हा अकरा कागद जमा झाले. ते एकामागून एक वाचून दाखवताना, आपण सगळ्यांनी खरोखर एकच पुस्तक वाचले आहे का, अशी शंका मला येऊ लागली. एका निवृत्त अभियंत्यांनी असे पुस्तक पुन्हा होणे नाही असे लिहिले होते, तर त्यांच्या शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंनी सबंध पुस्तकात एकाही माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहिला नाही असे लिहिले होते. विशेष म्हणजे दाखला म्हणून दोघांनीही एकच प्रसंग दिला होता: परक्या यानाच्या आत, काळ्याकुट्ट अंधारात, शिडी आणि जिन्याने आठ किलोमीटरांची उंची उतरण्याचा.

एकाच प्रसंगावरून दोन सुजाण माणसे अशी परस्परविरुद्ध मते देतात, तेव्हा त्यांच्यापैकी एकाला पुस्तक कळलेच नाही असे ठरवण्याची घाई करू नये. दोघांनी पुस्तकाला वेगवेगळा प्रश्न विचारलेला असतो आणि तो प्रश्न बहुधा कागदावर लिहिलेला नसतो. अंतराळ-संशोधनावरच्या कादंबरीचे अभिप्राय वाचायचे असोत की लिहायचे असोत, हा न लिहिलेला प्रश्न हुडकणे हे पहिले काम, आणि बाकीची सगळी पद्धत त्याच्या मागून येते. ती पद्धत मी या एकाच पुस्तकाच्या आधाराने सांगणार आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांना आधीच सूचना देते की कथानकातल्या बऱ्याच गोष्टी पुढे उघड होतील. शेवटचे वाक्य तेवढे मी राखून ठेवले आहे.

पुस्तकाची तोंडओळख

कथा सन २१३१ मधली आहे. गुरूच्या कक्षेपलीकडे एक नवी वस्तू दिसते आणि लघुग्रह समजून तिची ३१/४३९ अशी नोंद होते. तिच्या प्रकाशात होणाऱ्या बदलांवरून ती दर चार मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी घेते हे लक्षात येते, आणि एवढ्या प्रचंड आकाराच्या वस्तूला हा वेग फारच जास्त असल्याने खगोलशास्त्रज्ञ चक्रावतात. ग्रीक आणि रोमन देवतांची नावे संपल्यामुळे नामकरण करणारे हिंदू देवतांकडे वळलेले असतात, म्हणून या वस्तूला ‘रामा’ हे नाव मिळते. मंगळाच्या फोबस या चंद्रावरून तिच्याकडे ‘सीता’ नावाचे शोधयान सोडले जाते, आणि त्याच्या छायाचित्रांत दिसतो तो सुमारे ५० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद असा गुळगुळीत, कोणीतरी घडवलेला दंडगोल. त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकेल असे ‘एंडेव्हर’ हे एकच यान असते. कमांडर नॉर्टन आणि त्याचे सहकारी आत शिरतात, पाहता येईल तेवढे पाहतात आणि रामा सूर्याच्या फार जवळ जाण्यापूर्वी बाहेर पडतात. ज्यांनी ते यान बांधले त्यांच्याशी गाठ पडतच नाही.

कथानक एवढेच आहे. या पुस्तकाला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले, आणि वाचकांची भांडणे आज पन्नास वर्षांनंतरही चालू आहेत.

अभिप्राय गोळा करताना

शक्यतो कादंबरीचा पहिला एक तृतीयांश भाग वाचून होईपर्यंत कोणाचाही अभिप्राय वाचू नये. त्याहीआधी, पुस्तक उघडण्यापूर्वी, वहीच्या पानावर दोन ओळींत लिहून ठेवावे की या पुस्तकाकडून आपल्याला काय हवे आहे. हे काम पोरकट वाटते आणि बहुतेक जण ते टाळतात. माझ्या वहीत या पुस्तकाआधी मी ‘परग्रहवासी भेटतील, ते कसे असतील?’ असे लिहिले होते. ती ओळ नसती तर पुस्तक संपल्यावर आलेली चिडचिड मी लेखकाच्या माथी मारून मोकळी झाले असते.

त्यानंतर वीस-पंचवीस अभिप्राय निवडावेत, पण ते एकाच वयाचे, एकाच काळातले किंवा एकाच आवडीचे नसावेत. वाचकांनी पुस्तकाला गुण म्हणून दिलेल्या ताऱ्यांची सरासरी काढण्यात वेळ घालवू नये, कारण पाच तारे देणारा आणि एक तारा देणारा यांच्या मधोमध तीन तारे देणारा काल्पनिक वाचक पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. अत्यंत आवडलेले, अजिबात न आवडलेले आणि अर्ध्यात सोडलेले अशा तिन्ही प्रकारचे अभिप्राय घ्यावेत. अर्ध्यात सोडणारे वाचक सहसा दुर्लक्षिले जातात, पण नेमके कोणत्या पानावर सोडले हे ते सांगत असतील, तर त्यांच्याइतकी उपयुक्त माहिती दुसरे कोणी देत नाही.

प्रत्येक अभिप्राय केव्हा लिहिला गेला हे पाहणे या प्रकारच्या कादंबरीत फार महत्त्वाचे असते, कारण पुस्तक तेच राहिले तरी वाचकाच्या डोक्यावरचे आकाश बदललेले असते. १९७३ सालचा वाचक हे पुस्तक हाती घेत होता तेव्हा चंद्रावरून शेवटची माणसे परतून जेमतेम काही महिने झाले होते. अपोलो १७ ची मोहीम डिसेंबर १९७२ मधली. त्याला हे सगळे अगदी उंबरठ्यावर आलेले वाटणे स्वाभाविक होते. पुढे १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या दुर्बिणीतून ‘ओमुआमुआ’ ही सूर्यमालेबाहेरून आलेली पहिली ज्ञात वस्तू सापडली, २०१९ मध्ये बोरिसोव्ह हा धूमकेतू आला आणि जुलै २०२५ मध्ये ‘थ्री-आय अ‍ॅटलास’ सापडला. या घटनांनंतर पुस्तक वाचणाऱ्याच्या अभिप्रायात बातम्यांचा वास येतो; रामाच्या आगमनाची पहिली काही प्रकरणे त्याला जवळची वाटतात आणि आतला प्रवास मात्र लांबलेला वाटतो. यात चूक काही नाही, पण आपण तारखेची नोंद ठेवली नसेल तर हा फरक दोन वाचकांच्या रसिकतेतला आहे असे समजून बसतो.

तारखेचा घोळ उलट दिशेनेही होतो. कादंबरीच्या सुरुवातीला ११ सप्टेंबर २०७७ रोजी उत्तर इटलीवर एक अशनी कोसळतो, पादुआ आणि व्हेरोना ही शहरे नष्ट होतात आणि व्हेनिस समुद्रात जाते. आमच्या गटातल्या एका तरुणाने लिहिले होते की ही तारीख निवडून लेखकाने अमेरिकेवरच्या हल्ल्याचे भांडवल केले आहे. हल्ला २००१ चा आणि पुस्तक १९७३ चे, हे त्याला दाखवल्यावर तो खजील झाला, पण मुद्रणवर्षाचे पान कोण उलटून पाहतो? याच प्रकरणात, पुन्हा असे संकट येऊ नये म्हणून आकाशावर पहारा ठेवणारी ‘स्पेसगार्ड’ नावाची योजना उभी राहते. ही कल्पना लेखकाने वर्तमानपत्रांतून उचलली असेही एकाने लिहिले होते. प्रत्यक्षात पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा शोध घेण्याविषयीचा जो अहवाल नासाने १९९२ साली तयार करवला, त्याच्या सर्वेक्षणाचे नावच या कादंबरीवरून घेतलेले आहे.

अभिप्राय नेमका कोणत्या पुस्तकाचा आहे हेही तपासावे. क्लार्क यांनी पुढे जेंट्री ली यांच्यासमवेत १९८९, १९९१ आणि १९९३ साली याच मालिकेतली आणखी तीन पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांचा पोत निराळा आहे. तिथे माणसांचे आपापसातले संबंध, हेवेदावे आणि संसार यांना पुष्कळ जागा आहे. अभिप्रायात निकोल नावाची स्त्री आली की समजावे, हा वाचक पुढच्या भागांबद्दल बोलतो आहे, आणि तो कागद बाजूला ठेवावा.

तक्रार पानाशी ताडून पाहणे

निवडलेल्या अभिप्रायांतून प्रत्येक तक्रार आणि प्रत्येक कौतुक एकेका ओळीत वहीत उतरवावे आणि समोर मोकळी जागा सोडावी. त्या जागेत पुस्तकातला पृष्ठक्रमांक लिहायचा आहे. ज्या विधानासमोर कोणताच पृष्ठक्रमांक लिहिता येत नाही, ते विधान पुस्तकाचे वर्णन करत नसून वाचकाच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचे वर्णन करत असते. ‘एका बैठकीत संपवली’ हे वाक्य बैठकीबद्दल आहे.

या कादंबरीबाबत तीन तक्रारी वारंवार येतात: विज्ञान पटत नाही, काहीच घडत नाही, आणि पात्रे पोकळ आहेत. तिन्हींची तपासणी वेगवेगळ्या रीतीने करावी लागते.

विज्ञानाची तपासणी सर्वांत सोपी, कारण तिथे कागद-पेन्सिल चालते. आमच्यातल्या एका सदस्याने लिहिले होते की दंडगोलाच्या आतल्या भिंतीवर माणसे चालतात हे निव्वळ थोतांड आहे. पण दंडगोल स्वतःभोवती फिरत असल्यामुळे आतला माणूस भिंतीकडे दाबला जातो आणि त्याला तेच आपले वजन वाटते; ते किती, एवढेच काढायचे. दंडगोलाचा आतला व्यास १६ किलोमीटर, म्हणजे त्रिज्या ८००० मीटर. एका फेरीला चार मिनिटे, म्हणजे २४० सेकंद. आतल्या पृष्ठभागावरच्या बिंदूचा वेग त्यावरून सेकंदाला सुमारे २०९ मीटर येतो. वेगाचा वर्ग करून त्रिज्येने भागले की उत्तर साधारण ५.५ येते, आणि पृथ्वीवर हाच आकडा ९.८ आहे. म्हणजे रामाच्या आतल्या मैदानावर पृथ्वीच्या निम्म्याहून थोडे जास्त, ५६ टक्के वजन जाणवेल. इथे ६० किलो भरणाऱ्या माणसाला तिथे ३४ किलो भरल्यासारखे वाटेल. जिन्याच्या अर्ध्या उंचीवर, अक्षापासून चार किलोमीटरवर, तेच १७ किलो वाटेल आणि अगदी वर, अक्षाजवळ, जवळपास शून्य.

हे पाच ओळींचे गणित केल्यावर जिन्याचा तो प्रसंग माझ्यासाठी पार बदलून गेला. उतरणारा माणूस प्रत्येक पायरीगणिक जड होत जातो. सुरुवातीला तो शिडीच्या कांबी केवळ दिशा ठेवण्यासाठी धरतो, मग त्याच शिडीवरून पडण्याची भीती वाटू लागते, मग पायऱ्या लागतात, आणि खाली पोहोचल्यावर, एव्हरेस्टपेक्षा थोडीशीच कमी उंची आपण उतरून आलो आहोत आणि आता ती परत चढायची आहे, हे गुडघ्यांना समजते. वर कुठे आणि खाली कुठे, आपण विहिरीच्या तोंडाशी आहोत की बोगद्याच्या, हे नॉर्टनला आधी मनाशी ठरवून घ्यावे लागते, कारण न ठरवता तिथे उभे राहणाऱ्याचे डोके गरगरेल. अभियंत्यांना ‘असे पुस्तक पुन्हा होणे नाही’ असे का वाटले हे मला त्या आकडेमोडीनंतर समजले. त्यांनी ते गणित वाचता वाचता मनातच केले होते. आणखी एक बेरीज सांगून पुढे जाते: या दंडगोलाचा आतला परीघ साधारण ५० किलोमीटर आणि लांबीही तेवढीच, त्यामुळे आतला पृष्ठभाग उलगडून सपाट पसरला तर सुमारे २५०० चौरस किलोमीटर होतो. बृहन्मुंबई त्यात चारदा बसेल.

विज्ञानावरची तक्रार वाचताना एक भेद करावा. गणितात चूक आहे असे म्हणणे वेगळे, आणि अशी गोष्ट कोणी बांधेल यावर विश्वास बसत नाही असे म्हणणे वेगळे. पहिली तक्रार सिद्ध करता येते. दुसरी सिद्ध करता येत नाही आणि करण्याची गरजही नाही, पण ती पहिलीच्या वेषात आली तर ओळखता आली पाहिजे. रामाच्या मधोमध बांगडीसारखा गोल फिरलेला एक समुद्र आहे. त्याचा उत्तरेकडचा कडा ५० मीटर उंच आणि दक्षिणेकडचा तब्बल ५०० मीटर. हे वाचून ‘उगाच काहीतरी’ असे लिहिणाऱ्या वाचकाने पुढचे पान नीट वाचलेले नसते. यान वेग घेऊ लागले की पाणी मागच्या बाजूला चढणार, म्हणून मागचा, म्हणजे दक्षिणेकडचा काठ उंच. आणि काठ उंच आहे त्याअर्थी हे यान स्वतःहून वेग घेऊ शकते, हा निष्कर्ष पात्रे त्यावरून काढतात. निर्जीव कड्याच्या उंचीवरून इंजिनाचे अस्तित्व ओळखणे, यातच या पुस्तकाचा रस आहे.

‘काहीच घडत नाही’ ही तक्रार तपासण्यासाठी घटनांची यादी करावी. आत मिट्ट काळोख असताना एकदम दिवे लागतात, गोठलेला समुद्र वितळतो, वादळ येते, समुद्रातून अर्धे यंत्र आणि अर्धे प्राणी असे जीव बाहेर पडतात, त्यांना कादंबरीत बायॉट म्हटले आहे, जिमी पाक हा तरुण पायडलने चालणारे हलके उड्डाणयंत्र घेऊन दक्षिण टोकापर्यंत जातो आणि तिथे कोसळतो, बुध ग्रहावरची वसाहत घाबरून रामाच्या दिशेने बॉम्ब पाठवते आणि तो निकामी करावा लागतो. इतक्या घटना असूनही ‘काहीच घडत नाही’ असे अनेक प्रामाणिक वाचकांना वाटते, तेव्हा त्यांना खोटे ठरवण्याऐवजी त्यांना तसे का वाटले हे शोधावे. माझ्या मते कारण असे की प्रकरणे अगदी छोटी आहेत आणि एखादे संकट आले की एक-दोन प्रकरणांत त्याचे उत्तर सापडते. त्यामुळे ताण साचतच नाही. ही तक्रार खरी आहे, फक्त तिचे शब्द चुकलेले आहेत. अभिप्राय वाचताना असा चुकीच्या शब्दांत सांगितलेला खरा अनुभव पकडता आला, तर पंचवीस कागद वाचल्याचे सार्थक होते.

पात्रांबद्दलच्या तक्रारीत सर्वांत जास्त वेळ घालवावा लागतो, कारण तिथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. नॉर्टन हा अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक याचा भक्त आहे. त्याच्या यानाचे नाव कुकच्या जहाजाचे आहे आणि समुद्र ओलांडण्यासाठी बनवलेल्या तराफ्यालाही कुकच्याच दुसऱ्या जहाजाचे, ‘रेझोल्यूशन’चे नाव दिले जाते. लेखकाने आपण काय लिहितो आहोत हे इथे उघडपणे सांगून ठेवले आहे. ही एका धांडोळ्याची रोजनिशी आहे, आणि रोजनिशीत लिहिणाऱ्याच्या अंतरंगापेक्षा त्याला दिसलेला किनारा मोठा असतो. जुन्या प्रवासवर्णनाकडे ज्या अपेक्षेने आपण जातो त्याच अपेक्षेने गेलो, तर नॉर्टनचे सपाटपण खुपत नाही. शिक्षिकाबाई कादंबरीच्या अपेक्षेने गेल्या होत्या, आणि मुखपृष्ठावर कादंबरी असेच लिहिलेले असल्यामुळे तो हक्क त्यांना होता.

मात्र या सपाटपणाच्या आड लपवून सोडून द्यावी अशी नसलेली एक वेगळी गोष्ट आहे. पुस्तकात वजनरहित अवस्थेतल्या स्त्रियांच्या शरीराविषयी नॉर्टनच्या मनात आलेला एक विचार आहे. काही स्त्रियांना यानात घेऊच नये, असा त्याचा रोख आहे. तो वाचून पुस्तक मिटणाऱ्या वाचक मला भेटल्या आहेत. ‘त्या काळी असेच लिहीत’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, कारण याच पुस्तकात लॉरा अर्न्स्ट ही यानाची मुख्य डॉक्टर आहे आणि तराफ्याचे सुकाणू रूबी बार्न्स या स्त्रीच्या हाती आहे. म्हणजे दीडशे वर्षांनंतरच्या स्त्रीचे काम लेखकाला दिसले होते. तिच्याकडे पाहणाऱ्याची नजरही बदललेली असेल हे दिसले नाही. यानात हरकामे करणारी, बुद्धी वाढवलेली माकडे आहेत, त्यांच्याबद्दलही काही वाचकांनी असाच आक्षेप घेतलेला आढळतो. असे आक्षेप वहीत वेगळ्या पानावर उतरवावेत. पुस्तक कंटाळवाणे आहे या तक्रारीशी त्यांची बेरीज करू नये.

मराठी वाचकाची म्हणून एक खास अडचण इथे येते. नाव वाचताच आपल्या मनात राम उभा राहतो, आणि सीता नावाचे यानही निघाल्यावर रामायणाचा काही तरी धागा पुढे येईल अशी आशा वाटू लागते. तो येत नाही. आमच्या अकरापैकी तिघांनी ‘नावाचा पुढे काही उपयोग केला नाही’ अशी नाराजी नोंदवली होती. क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहत होते, त्यामुळे ही नावे त्यांना परकी नसणार. तरी कादंबरीत ती केवळ यादीतली पुढची नावे म्हणून येतात. मी मराठीत लिहिताना यानाला ‘रामा’ असेच लिहिते. इंग्रजी उच्चारही राखला जातो आणि ‘रामाच्या पोटात शिरले’ यांसारख्या वाक्याने कोणाची भावनाही दुखावत नाही.

आपला अभिप्राय लिहिताना

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष लेखन फार वेळ घेत नाही. पहिल्याच वाक्यात कथानक सांगू नये. आपण कोणत्या अपेक्षेने पुस्तक उघडले ते सांगावे. ‘परग्रहवासी भेटतील म्हणून मी हे पुस्तक घेतले आणि ते भेटले नाहीत’ एवढे एक वाक्य लिहिले की वाचणाऱ्याला आपले सगळे पुढचे मत कोणत्या वजनकाट्यावर तोलायचे ते समजते.

त्यानंतर एकच प्रसंग निवडून तो जवळून दाखवावा. प्रसंग गाजलेला असण्याची गरज नाही, फक्त आपल्या मताचे कारण त्यात दिसले पाहिजे. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘रटाळ’, ‘डोक्यावरून गेली’ हे शब्द पहिल्या मसुद्यात खुशाल येऊ द्यावेत, पण दुसऱ्या वेळी लिहिताना प्रत्येकाच्या जागी त्यामागचे कारण बसवावे. रटाळ म्हणजे काय? वर्णने लांब आहेत, की वर्णनातली मापे डोळ्यांपुढे येत नाहीत, की पुढे काय होणार याची ओढ नाही? तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांपैकी दुसरीवर तर कागदावर साधी आकृती काढणे हा उपाय आहे. मी स्वतः चहाचा पत्र्याचा डबा आडवा धरून त्याच्या आत जिना, समुद्र आणि मैदान कुठे येते ते खुणा करून पाहिले होते.

परिभाषेची चिंता करत बसू नये. गुरुत्वाकर्षण, कक्षा, अवकाशयान, वजनरहित अवस्था हे शब्द शाळेपासून ओळखीचे आहेत ते वापरावेत, आणि एअरलॉकला, म्हणजे हवा बाहेर जाऊ न देणाऱ्या यानाच्या दुहेरी दाराला, एअरलॉकच म्हणावे. अभिप्रायात भाषेचा अवघडपणा आला की वाचणाऱ्याला तो पुस्तकाचाच वाटतो.

रहस्य किती उघड करायचे हा प्रश्न या कादंबरीबाबत वाटतो तितका बिकट नाही. परग्रहवासी भेटत नाहीत हे आधी सांगितले तर गंमत जाते असे काहींचे म्हणणे आहे. माझा अनुभव उलटा आहे: ते माहीत असलेला वाचक त्यांची वाट पाहण्यात शंभर पाने घालवत नाही आणि समोर जे आहे ते पाहतो. यान शेवटी सूर्याजवळून कोणत्या कारणासाठी जाते हे मात्र सांगू नये, आणि ते शेवटचे वाक्य कोणत्याही परिस्थितीत सांगू नये, कारण त्याची सगळी मजा पुस्तकभर विखुरलेल्या आकड्यांत आहे आणि ते ज्याचे त्याने मोजायचे असतात.

अभिप्रायाखाली तारीख, कोणती आवृत्ती वाचली ते, आणि पुस्तक पूर्ण वाचले की नाही, या तीन गोष्टी लिहाव्यात. त्या लिहायला ओशाळे वाटण्याचे कारण नाही.

दोन महिन्यांनी पुढचे पुस्तक सुरू करण्यापूर्वी आम्ही सर्वांनी आपापले जुने कागद याच पद्धतीने पुन्हा लिहून आणले. शिक्षिकाबाईंचे मत बदलले नव्हते. त्यांनी लिहिले होते: ‘मला या पुस्तकात माणूस हवा होता. तो मला एकदाच भेटला. जिमीचे यंत्र कोसळल्यावर खेकड्यासारखा एक बायॉट येऊन त्याचे तुकडे करून टाकतो, आणि परत जाण्याचा मार्ग नसलेला हा मुलगा त्या पोलादी, परक्या जगात उमललेले एकुलते एक फूल खुडून घेतो. त्या दोन पानांसाठी मी हे पुस्तक ठेवीन.’ अभियंत्यांनी तो कागद दोनदा वाचला. पाचशे मीटरांच्या कड्यावरून जिमी खाली समुद्रात कशी उडी घेतो, कमी गुरुत्वात तो पडताना वेग किती झाला असेल, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. फूल त्यांना आठवत नव्हते. गटाची प्रत त्यांनी पिशवीत घातली आणि पुढच्या वेळी आणून देतो म्हणाले.